आडाचा दोर

कळशीच्या गळ्याखाली बारीक टिंबाटिंबांनी एका बाईचं नाव घातलेलं आहे. नावापुढे ‘हिस मामाकडून’ एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, साल नाही. लग्नात मामाने दिलेली असणार. चिंच-मीठ लावून घासली की अक्षरं उजळतात आणि दरवेळी वाटतं, या बाईचं पुढे काय झालं असेल?

ती आमच्या घराण्यातली कुणी नव्हे. आमच्यापैकी कुणी तिला कधी पाहिलेलंही नाही. तिची कळशी आमच्याकडे आली १९६१ च्या जुलैत, पानशेतच्या पुरात. माझा जन्म त्यानंतरचा. पण पूर मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे, की त्याचा वाससुद्धा मला ठाऊक आहे असं वाटतं. आमच्या घरात काळाचे दोनच भाग होते, पुराआधी आणि पुरानंतर. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं बाळंतपण, सगळं आजी त्याच मापाने सांगायची.

१२ जुलै, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण नवं होतं, पुरतं झालेलंही नव्हतं, आणि त्यात पावसाळ्याचं पाणी साठलं होतं. बांध खचायला लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्रभर वाळूची पोती रचली. आजी हे सांगताना नेहमी हात जोडायची. त्या पोत्यांमुळे धरण रात्री फुटायचं ते सकाळी फुटलं, आणि नदीकाठचं पुणं झोपेत सापडलं नाही. मग खाली खडकवासला फुटलं. दुपारपर्यंत लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली होते. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, शिवाजीनगर, डेक्कन, पुलाची वाडी. मातीविटांचे वाडे पाण्यात विरघळल्यासारखे बसले. संध्याकाळनंतर पाणी उतरलं आणि मागे उरला चिखल.

आमचा वाडा सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीच्या अंगाला. तिथवर पाणी आलं नाही. माणसं आली.

आत्या तेव्हा चौदा वर्षांची. ती सांगते, की आजोबांनी दिंडी दरवाजाचा अडसर काढून जिन्याखाली टाकला आणि तो पुढे दोन-अडीच महिने तिथेच पडून होता. पहिल्या रात्री सत्तेचाळीस पानं झाली. ओळखीचे किती, तर तीन घरं. बाकीचे कुणाचा तरी मामेभाऊ, कुणाचा तरी ऑफिसातला, आणि बरेचसे कुणाचेच नव्हेत, उघडं दार बघून आत शिरलेले. ओलेकच्च. एका गृहस्थांच्या काखेत फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. निघताना हाताला लागलं ते घेतलं, म्हणाले. कोठीच्या खोलीत एक बाळंतीण, माजघरात म्हातारी माणसं, पुरुष सगळे चौकात. समोरच्या वाड्याशी आमचं सांडपाण्याच्या मोरीवरून अकरा वर्षं वाकडं होतं, बोलणं बंद. त्या रात्री समोरच्या काकू पोळपाट-लाटणं आणि कणकेचा डबा घेऊन आल्या, काही न बोलता आजीच्या शेजारी बसल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. मोरीचं भांडण पुढे मिटलं की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. बहुधा मिटलं नसावं. पण दोघी एकमेकींशी मरेपर्यंत बोलत होत्या.

शेजार म्हणजे काय हे आमच्या आजीला कुणी शिकवायला नको होतं. त्या काळी तो रोजचाच व्यवहार होता. विरजणाला चमचाभर ताक, तान्ह्या पोराला सांभाळायला हात, उसनी वाटीभर साखर. वाटी परत करताना ती रिकामी द्यायची नाही, निदान तुळशीची दोन पानं तरी तिच्यात ठेवायची, हा तिचा नियम मी अजून पाळते. कुणाच्या घरी मयत झालं की शेजाऱ्यांनी पिठलंभात न्यायचा, आणि तो नेताना ‘काही हवं का?’ असं विचारायचं नाही, कारण दुःखातलं माणूस नकोच म्हणतं. हे सगळं मला फार मोलाचं वाटतं. पण आज इतक्या वर्षांनी मागे बघताना एक गोष्ट लपवावीशी वाटत नाही. हे शेजारपण आमच्याआमच्यातलं होतं. पेठा जातींनी आणि धंद्यांनी वसलेल्या, गल्ल्याही तशाच. वाटी फिरायची ती ज्यांच्या घरचं चालतं त्यांच्याच घरांतून. नदीकाठच्या वस्तीतली माणसं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती, आणि आजीच्या बोलण्यात ‘शेजारी’ या शब्दात ती कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, तेराला, हूल उठली. पाणी आलं, पळा! कुठून उठली कुणास ठाऊक. सगळं पुणं पर्वतीच्या दिशेने धावलं. आमची पणजी तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तरची, सोवळी, लाल लुगड्यातली, गुडघ्यांनी अधू. आजोबा धाकट्यांना घेऊन पुढे गेले होते. आजी सासूला ओढत होती आणि सासू बसकण मारत होती. एक पोरगा आला, विशीतला, चिखलाने भरलेला. ‘आजी, धरा गळ्याला’ म्हणाला, पणजीला पाठुंगळी घेतलं आणि थेट पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन ठेवलं. मग तो गर्दीत दिसेनासा झाला. तो कोण, कुठला, हे पणजीने विचारलं नाही. नंतरही कधी चौकशी केली नाही. आत्याचं म्हणणं असं, की विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्या पायऱ्यांवर त्या दिवशी सगळी पेठ बसली होती, सगळ्या वस्त्या बसल्या होत्या. त्याच पर्वतीच्या देवळात जाऊ द्या म्हणून १९२९ च्या ऑक्टोबरात अस्पृश्य समजल्या गेलेल्या माणसांनी सत्याग्रह केला होता. शिवराम जानबा कांबळे त्यात पुढे होते, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ त्यांच्या बरोबर. आणि सत्याग्रहींवर दगड पडले होते. तेव्हापासून पुरापर्यंत बत्तीस वर्षं. दगड पाहिलेली आणि कदाचित मारलेलीही माणसं त्या पायऱ्यांवर अंग चोरून बसली असतील. मला त्या दुपारचा विचार सोडवत नाही.

हूल खोटी निघाली. लोक घरी परतले, आणि मग खरी अडचण सुरू झाली. प्यायला पाणी नव्हतं.

पुण्याच्या पाण्याची गोष्ट जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात दगडी नळ आणला. माणूस आतून चालत जाईल एवढा मोठा, जागोजागी उच्छ्वास ठेवलेला. त्या पाण्यावर काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद असे कितीतरी हौद भरत. इंग्रजी अमलात खडकवासला झालं, घरोघर नळ आले आणि हौद, आड, विहिरी मागे पडल्या. आमच्या मागच्या चौकातल्या आडावर फळ्या टाकून त्यावर लाकडं रचलेली असत. निर्माल्य मात्र फटीतून आतच पडायचं. खडकवासला फुटल्यावर नळ कोरडे झाले. नदीला पाणीच पाणी आणि घोटभर प्यायला नाही, असे दिवस आले. टँकर यायचे, त्यांच्यामागे रांगा. रोगराई पसरू नये म्हणून लशी टोचल्या जात होत्या. आजीच्या दंडावर त्या टोचण्याची गाठ कितीतरी दिवस राहिली होती.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी आडावरच्या फळ्या काढल्या. घड्याळवाले गृहस्थ आत उतरले, आणखी दोघं उतरले, आणि दिवसभर गाळ उपसला. आत्या सांगते, गाळात सगळ्यांच्या हरवलेल्या वस्तू निघाल्या. तिची लहानपणीची चांदीची वाळी, एक विटी, आजोबांचा तुटका चष्मा. संध्याकाळी झरे मोकळे झाले. महापालिकेच्या माणसाने जांभळं औषध टाकलं. दोन दिवस ते पाणी उपसून टाकलं आणि मग रहाट बसवला.

पाणी आहे ही बातमी लपत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी दिंडीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. आधी पेठेतले, मग नदीकाठचे. नदीकाठच्या वस्तीतल्या बायका आल्या तेव्हा पणजी ओसरीवर आली. आरडाओरडा तिने केला नाही. सुनेला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, की पोहरा आपण ओढायचा आणि त्यांच्या भांड्यात वरून ओतायचं.

पणजीला मी पाहिलेलं नाही. पण तिला नुसती कठोर म्हणून सोडून देणं मला जमत नाही. १८९७ च्या प्लेगात ती आठ-नऊ वर्षांची होती. गोरे सोजीर घरात शिरून माणसं उचलून नेत, वस्तू रस्त्यावर जाळत. तिचे दोन भाऊ आणि आई गेली. त्या घरात पंधरा दिवस एकही शेजारी फिरकला नाही, मडकं उंबऱ्याबाहेर ठेवलं तर त्यात कुणी पाणी घातलं नाही, असं ती सांगायची. स्पर्शाची भीती तिला पोथीतून आली तशी त्या प्लेगातूनही आली. त्याच प्लेगात, त्याच शहरात, सावित्रीबाई फुले आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पणजीच्या माहेरघरापासून आणि सासरघरापासून तो हौद लांब नव्हता. आमच्या वाड्यापासून पायी वीस-पंचवीस मिनिटं. तेवढं चालायला आमच्या घराला त्र्याण्णव वर्षं लागली, आणि तीही पुराने ढकललं म्हणून.

दोन दिवस आजीने पोहरा ओढला. सकाळी पाचापासून दिवेलागणीपर्यंत. मध्ये स्वयंपाक, मध्ये बाळंतिणीचं बघणं. तिसऱ्या दिवशी दुपारी तळहाताची सालटी निघाली आणि दोर लाल व्हायला लागला. रांगेत एक बाई होती. आजीच्याच वयाची, कमरेला कळशी. तिने कळशी खाली ठेवली, आडाच्या कट्ट्यावर चढली आणि आजीच्या हातातून दोर घेतला.

‘सोडा वैनी. हाताची काय गत झालीय ती बघा.’

आजीने सोडला. तिने नंतर मला सांगितलं, की तेव्हा तिच्या मनात काही थोर आलं नव्हतं. हात दुखत होते, म्हणून सोडला. त्या बाईने सलग वीस-पंचवीस पोहरे काढले, सगळ्यांची भांडी भरली, पेठेतल्या बायकांचीही, आमच्या घरचा हंडाही. रांगेत क्षणभर कुजबूज झाली असेल. पण कुणीही आपलं भांडं मागे घेतलं नाही. पणजी ओसरीवरून बघत होती. उठून आत गेली. संध्याकाळी तिने अंघोळीला पाणी मागितलं. विटाळ धुवायचा होता. आजीने बंबात पाणी घातलं. ते त्याच आडाचं, त्याच हाताने काढलेलं होतं. दुसरं पाणी घरातच काय, अख्ख्या पेठेत नव्हतं. पणजी बराच वेळ मोरीच्या दारात उभी राहिली आणि मग अंघोळ केली. त्या दिवसानंतर दोर कुणी धरायचा यावर घरात कुणी बोललं नाही.

ती बाई रोज यायची. तिचं घर गेलं होतं, भिंत म्हणून उभी राहिली नव्हती. घर होतं तिथला गाळ ती आणि तिचा नवरा उकरत होते. त्यात त्यांना एक पातेलं मिळालं, स्वतःचं. आणि ही कळशी, जी त्यांची नव्हती. कुठल्या पेठेतून वाहत आली कोण जाणे. ती घेऊन ती आली आणि आडाच्या कट्ट्यावर ठेवली.

‘माझी न्हाई ही. नाव घातलंय. ज्याची असंल तो वळखून न्हेईल. तवर हितं पाण्याला ऱ्हाऊ द्या.’

ज्या बाईचं सगळं घर गेलं, तिने गाळातून वर आलेली दुसऱ्याची कळशी ठेवून घेतली नाही. आणि ती आणून ठेवली ती जिथे सगळं गाव पाण्याला येतं तिथे, म्हणजे मालकिणीला सापडावी म्हणून. मी शेजारधर्माच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या आहेत. ही मला सगळ्यांत वरची वाटते. मालकीण आली नाही. कळशी पाण्याला राहिली.

महिने गेले. नळाला पाणी आलं. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर वस्त्या उठल्या. गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल बराकी, लोकमान्यनगर, सहकारनगर. वाड्यातली माणसं एकेक करून गेली. घड्याळवाल्यांनी जाताना घड्याळ आजोबांना दिलं, ते आजोबांनी घेतलं नाही. आडावर पुन्हा फळ्या पडल्या. जिन्याखालचा अडसर उचलून आजोबांनी दाराला लावला. त्याला काही वाईट म्हणता येणार नाही, दाराला अडसर असतोच. पण आत्याला तो आवाज आठवतो.

आजीकडून एवढीच गोष्ट मी तीस वर्षं ऐकत होते. शेवटचा तुकडा तिने १९९८ साली सांगितला, दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री. मी तिच्या उशाशी होते.

१९६२ ची संक्रांत. ती बाई वाड्यावर आली, स्वच्छ लुगडं, हातात तिळगुळाची पुडी. मुद्दाम चालत आली होती, आता लांब राहत होती. आजीला आनंद झाला. तिला ओसरीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. चहा टाकला. आणि चहा गाळताना हात मांडणीवरच्या कपांकडे गेला, थांबला, आणि खिडकीकडे वळला. खिडकीत एक कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची. कुणासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

‘सासूबाई माजघरात होत्या,’ आजी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘नाही, त्या देवळात गेल्या होत्या. घरात मी एकटीच होते गं.’

त्या बाईने चहा घेतला. कप चौकातल्या पाण्याने विसळला, कट्ट्यावर पालथा घातला, आजीकडे बघून हसली आणि गेली. परत कधी आली नाही.

‘दोन महिने तिच्या हातचं पाणी प्यायले मी. आणि चहा खिडकीतल्या कपातून दिला. तिचं नावही विचारलं नाही. कळशीवरच्या बाईचं नाव पाठ आहे मला, आणि हिचं माहीत नाही.’

मी काहीतरी म्हणणार होते, काळच तसा होता वगैरे. म्हटलं नाही. तिला ते ऐकायचं नव्हतं. १८६८ साल तिनेही शाळेत वाचलं होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली, आजी आणखी सहा वर्षं जगली, ही गोष्ट मात्र तिने पुन्हा काढली नाही. ती गेल्यावर वाडा बिल्डरला दिला. आड बुजवला. बुजवताना आडात नारळ आणि हळदकुंकू टाकतात, तसं आम्ही टाकलं. कळशी माझ्याकडे आली.

आत्या लग्न होऊन सहकारनगरच्या बाजूला गेली आणि तिथेच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. ओढ्याकाठी भिंती पडल्या, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. आत्याचं घर तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने तिला अंधारात उचलून वर नेलं. एरवी त्यांची ओळख जिन्यात हसण्यापुरती. सकाळी रस्ता जरा मोकळा झाल्यावर मी पोचले. वीज नव्हती, खाली गुडघाभर गाळ, आणि तो वास. तो मी लगेच ओळखला.

गच्चीवरच्या टाकीत पाणी होतं. फाटकाबाहेर ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसं उभी होती, हातात बादल्या, तेलाचे रिकामे डबे. वॉचमन म्हणत होता, सेक्रेटरींना विचारतो. सेक्रेटरी फोन उचलत नव्हते. आतले काहीजण टाकी किती पुरेल याचा हिशोब करत होते, आणि त्यांचाही हिशोब खोटा नव्हता, वीज कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्या जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत आली. बहात्तर वर्षांची, पर्वतीच्या वाटेवर पाठुंगळी गेलेल्या पणजीएवढीच. वॉचमनला म्हणाली, ‘अरे, झाडांची नळी कुठेय? ती लाव नळाला आणि फाटकाबाहेर सोड.’ तो घुटमळला. ‘मी सांगते म्हणून लाव. सेक्रेटरींना मी बघते.’

नळी बाहेर गेली. बादल्या भरू लागल्या. आतल्या हिशोब करणाऱ्यांतलाच एकजण नळीचं तोंड धरायला गेला.

आत्याने माझ्याकडे बघितलं. ‘गॅस चालू आहे का बघ वर, त्यांच्याकडे. चहा टाक सगळ्यांना. आणि माझ्या कपाटातल्या कपबशा घे, वरच्या फळीवरच्या, काचेच्या. तिथवर पाणी पोचलं नाही.’

त्या तिच्या रुखवतातल्या. दिवाळीलाही क्वचित निघायच्या. गाळातून वाट काढत मी कपाट उघडलं. बारा होत्या. फाटकाबाहेर पन्नासएक माणसं. धुवायचं आणि पुन्हा भरायचं, धुवायचं आणि पुन्हा भरायचं, असं दुपारपर्यंत चाललं होतं.